जांभळाभोवतीचा कट्टा

ओल्या सिमेंटचा वास आला की मला वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीतलं जांभळाचं झाड आठवतं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, दम्याने बेजार झालेल्या काकू दुपारभर त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायच्या, कारण आत त्यांचा जीव घुसमटायचा. एकदा सेक्रेटरींनी त्या झाडाला कट्टा बांधायला घेतला आणि खोडाला चिकटून काँक्रीट ओतायला लावलं. मी धावत जाऊन म्हणालो, "काका, थोडी माती मोकळी सोडा! अन्न पानं बनवतात, पण ते वापरून जगायला मुळांनाही हवा लागते." त्यांनी हसत भिंतीवर रंगवलेली घोषणा दाखवली. "वाच रे पुढारी! झाड ऑक्सिजन देतं. घेतं असं कुठे लिहिलंय?" गवंडीही हसले. कट्ट्याला टाइल्स लागल्या, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढे फांद्या वाळत गेल्या आणि झाड धोकादायक ठरवून कापलं. त्या दुपारी काकूंनी सवयीने खुर्ची बाहेर आणली, उन्हात क्षणभर उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या. नंतर उन्हाळाभर बंद दाराआडून त्यांचा खोकला ऐकू यायचा. आता कुठेही झाडाला कट्टा बांधताना दिसला, की मी आधी घमेलं हिसकावतो आणि मग बोलतो.