नाव न घेता केलेली प्रार्थना

आमचे पाळकसाहेब ऐकायचे ते मान डावीकडे वाकडी करून. तुम्ही नुसतं "सलाम, कसं काय" म्हटलं तरी मान कलायची, डोळे अर्धे मिटायचे आणि घशातून एक लांबलचक "हं" निघायचा. पहिल्यांदा मला वाटलं, यांची मान आखडलीय. मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचा उपायही मी सांगितला. तोही त्यांनी मान वाकडी करूनच ऐकला. पुढे कळलं की ही मान डिप्लोम्यात शिकवतात.

डिप्लोमा ख्रिस्ती समुपदेशनाचा होता. कुठल्याशा कॉलेजच्या सुट्टीतल्या शिबिरांना जाऊन त्यांनी तो मिळवला होता आणि भिंतीवर क्रूसाच्या शेजारी, क्रूसापेक्षा मोठ्या चौकटीत लावला होता. त्याच्याखाली एक त्रिकोण चिकटवलेला. एका कोपऱ्यात शरीर, दुसऱ्यात मन, वर आत्मा. कुणी गुडघा दुखतो म्हणालं तरी पाळकसाहेब त्या त्रिकोणाकडे बोट करायचे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. फळ्यावर त्रिकोण काढून माणूस समजावणारे पुष्कळ पाहिले. त्यांतल्या एकाबद्दलही मला आदर वाटलेला नाही, आणि हे तर आमच्या मंडळीच्या वर्गणीतून पगार घेत होते.

मंडळी म्हणजे आमचं चर्च, भूगावातला टाइल्सच्या दुकानावरचा एक भाड्याचा हॉल. नगरकडून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं, उरवड्याच्या कारखान्यांतले कामगार, मारुंजीच्या हॉस्टेलांत पोळ्या लाटणाऱ्या बायका, दोन-चार लॅपटॉपवाले. दुकान आणि हॉल दोन्ही तात्यांचं. ते इथले जुने शेतकरी. शेत बिल्डरला गेलं, त्या जागी ही इमारत आली, आणि तात्या दिवसभर खाली खुर्ची टाकून कोण वर जातंय ते पाहत बसतात. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"बाई, तुमचा बुवा लई न्यारा हाय. मानसं वर जात्यात हसत आन खाली येत्यात डोळं पुसत. त्यो मारतोय का काय त्यास्नी?"

"समुपदेशन करतात," मी म्हटलं.

"म्हंजी रडवून वर च्या पाजतोय. आमी बी बघतोय की."

तात्यांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यासाठी पाळकसाहेबांना मोठी चौकट लागली होती.

जिन्यालगतच्या खोलीत त्यांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक प्लास्टिकची, एक लाकडी. आधी ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकायचे. मग उठून, शर्ट नीट करून लाकडी खुर्चीत बसायचे आणि प्रार्थना करायचे. "बाई, या खुर्चीत मी समुपदेशक, त्या खुर्चीत पाळक," त्यांनी मला अभिमानानं दाखवलं होतं. "मानसशास्त्र आणि विश्वास, दोघांना आपापली जागा दिली की भांडण होत नाही." समोरचा माणूस मात्र एकाच खुर्चीत बसलेला असायचा. त्याला कुठे हलता येत नसे.

मारुंजीचं एक जोडपं त्यांच्याकडे आलं होतं. नवरा टेम्पो चालवायचा, बायकोशी सतत वाजायचं. पाळकसाहेबांनी शिकवलं की 'तू नेहमी असाच' असं म्हणायचं नाही, 'मला असं वाटतं' अशी सुरुवात करायची. बायको हुशार होती. लगेच म्हणाली, "मला असं वाटतं की हा गाढव आहे." पाळकसाहेबांनी मान वाकडी केली आणि "छान, पुढे बोला," म्हणाले. ही हकिगत त्यांनी स्वतःच मला सांगितली, आपल्या पद्धतीचा गुण म्हणून. मी हसले ते त्यांना कौतुक वाटलं.

एक मात्र खरं, त्यांची काही वाक्यं डोक्यात राहायची. "भावना पाप नाही, बाई. भावना म्हणजे ताप. अंग तापलं म्हणून कुणी पश्चात्ताप करतं का?" किंवा, "बायबलातला तो दमलेला संदेष्टा मरण मागत झाडाखाली पडला होता ना, त्याला देवानं आधी उपदेश नाही केला. आधी झोपू दिलं, मग भाकर दिली." हे ऐकून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीचे सॅमसनकाका कपाळाला आठ्या घालायचे. काकांचा सिद्धांत सोपा होता: गोळी म्हणजे अविश्वास. स्वतः ब्लडप्रेशरची गोळी रोज घ्यायचे. ती त्यांच्या लेखी शरीराची असल्यामुळे चालत होती. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, मार्थाकाकू, डोक्यावर पदर घेऊन गप्प बसलेली असायची. तिचा आवाज मी गीतं गातानाच ऐकला होता.

माझा धाकटा भाऊ आशिष उरवड्याला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. एके दिवशी त्यानं बटण दाबलं आणि सोबतच्या कामगाराची बोटं गेली. मशीनचा सेन्सर बिघडलेला होता. चौकशीत आशिषकडे दोष आला नाही. त्यानं मात्र तो घेतला. झोप गेली, जेवण गेलं. मी त्याला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पण तोंड उघडेना. आणि मग तो आपणहून त्या वाकड्या मानेकडे गेला. सख्खी बहीण घरात असताना त्या प्लास्टिकच्या खुर्चीसमोर जाऊन बसला, हे मला आजही झोंबतं. पण तिथून आला त्या दिवशी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना आली. आमच्यात ही जुनी पद्धत आहे. आजाऱ्यांसाठी, संकटातल्यांसाठी पाळक मोठ्यानं देवाकडे मागतात आणि सगळे आमेन म्हणतात. पाळकसाहेब डोळे मिटून कळवळून म्हणाले, "हे दयाळू बापा, तुझं एक लेकरू कामाला म्हणून निघतं आणि उरवड्याच्या फाट्याला न वळता सरळ धरणाकडे जातं. काठावर बसून पाण्याकडे पाहतं. त्याच्या हातून जे झालं त्याचं ओझं तू घे, बापा."

डोळे सगळ्यांचे मिटलेले असायला हवे होते. मी उघडले तर आख्खी मंडळी आशिषकडे पाहत होती. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. धरणाचं त्यानं मलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. तो उठला, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून गेला. मागून भरघोस आमेन झालं.

त्याच संध्याकाळी सॅमसनकाका तेलाची बाटली घेऊन घरी हजर. आशिषच्या कपाळाला तेल लावलं, दुष्टात्म्याला दम दिला आणि जाताना म्हणाले, "त्या गोळ्या फेक, पोरा. देवावर भरवसा आणि खिशात गोळ्या, दोन्ही चालत नाही." आशिषनं पाकीट खरंच कचऱ्यात टाकलं. मी ते उचललं तर म्हणाला, "ताई, राहू दे. आता कशाला लपवायचं आणि कशाला खायचं? सगळ्यांना कळलंय." मग त्यानं खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर बसून राहिले. मला अशी भीती कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या जिन्यालगतच्या खोलीत गेले. सलाम केला नाही.

"नाव कुठं घेतलं मी, बाई?" पाळकसाहेब म्हणाले. खरोखर गोंधळले होते. "समुपदेशनातलं बाहेर बोलायचं नसतं, मला ठाऊक आहे. मी कुणाशी बोललो नाही. मी देवाशी बोललो."

"माइकवरून?" मी विचारलं. "तीस-चाळीस घरांच्या मंडळीत उरवड्याच्या फाट्यावरून कोण जातं ते देवापेक्षा आधी इथल्या बायकांना कळतं. ऐकलंत तुम्ही या खुर्चीत, बोललात त्या खुर्चीतून, आणि मधल्या जागेत माझा भाऊ पडला. गोळ्या टाकल्यात त्यानं. आता त्याला काही झालं तर त्याच्यावर कुठल्या खुर्चीत बसून रडणार आहात?"

त्यांची मान सरळ झाली. इतक्या दिवसांत मी ती पहिल्यांदाच सरळ पाहिली. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांचीच खोली होती म्हणा.

ते घरी आले, आशिषनं दार उघडलं नाही. पुन्हा आले, पुन्हा तेच. मी चहासुद्धा केला नाही.

पुढच्या रविवारी आशिष अर्थातच घरी. शेजारणीला त्याच्याजवळ बसवून मी मुद्दाम गेले, हा माणूस आता काय दिवे लावतो ते पाहायला. मध्यस्थीची प्रार्थना आली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले नाहीत.

"हे बापा," ते म्हणाले, "तुझा सेवक प्रभाकर, या मंडळीचा पाळक, याच्यासाठी मागतो. हा मनाच्या गोळ्या खातो. डिप्लोम्याच्या आधीपासून खातो. एकदा यालाही जगू नये असं वाटलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी वाचवलं, आणि हा मंडळीपुढे साक्ष देताना म्हणाला की प्रार्थनेनं वाचलो. तेवढंच सांगितलं, गोळीचं लपवलं. तू दोन्हीकडून हात दिला होतास, यानं एकच हात दाखवला. गेल्या रविवारी यानं दुसऱ्याचं गुपित तुझ्या नावाखाली उघडं केलं आणि स्वतःचं झाकून ठेवलं. याला क्षमा कर. नाव पुन्हा सांगतो, प्रभाकर. आम्ही येशूच्या नावानं मागतो. आमेन."

आमेन कुणीही म्हटलं नाही. माझ्या तोंडून तरी कुठे निघालं?

पण आमच्या मंडळीची एक गोष्ट मानावी लागेल. बातमी पोचवण्यात तिचा हात कुणी धरू शकणार नाही. मी जिना उतरून, भाजी घेऊन घरी येईपर्यंत ती माझ्या आधी पोचली होती. शेजारणीच्या फोनवर तीन बायकांनी तीन तऱ्हांनी सांगितली होती. आशिष खोलीच्या दारात उभा होता.

"ताई, कुठली गोळी?"

"काय?"

"पाळकसाहेब कुठली गोळी घेतात? माझीच का दुसरी?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, जाऊन विचार. तो गेला. संध्याकाळी दोघं बरोबर आले. पाळकसाहेबांच्या हातात मेडिकलची पिशवी होती. त्या दिवशी मी चहा केला. दुसऱ्या दिवशी ते आशिषला घेऊन पुण्याला डॉक्टरांकडे गेले, पुढेही जात राहिले. बाहेर बाकावर बसायचे, आत काय बोलणं झालं ते विचारायचे नाहीत. परत येताना दोघं वडापाव खायचे. मला वाटतं, हे त्यांना डिप्लोम्यात शिकवलेलं नसावं. जिन्यालगतच्या खोलीत आता एकच खुर्ची राहिली, ती येणाऱ्यासाठी. स्वतः पाळकसाहेब सतरंजीवर बसायचे आणि मांडी घालता येत नसल्यामुळे फार विचित्र दिसायचे.

पंच कमिटीला एवढं पुरेसं होतं. ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही त्याच्या हातून प्रभुभोजनाची भाकर कशी घ्यायची, असा प्रश्न सॅमसनकाकांनी उपस्थित केला. इतके दिवस त्या खोलीत रडून गेलेले सगळे तिथे बसले होते, आणि सगळ्यांना एकदम जमिनीवरच्या टाइल्स फार आवडू लागल्या होत्या. मी बोलले. मला सांगण्यात आलं की बाई, तुम्ही भावनेच्या भरात आहात. 'पाळकांना विश्रांतीची गरज आहे' असं वरच्या कचेरीला कळवण्यात आलं, आणि त्यांची बदली लांब कुठेतरी झाली. मंडळीनं त्यांना शाल दिली. लाज नावाची वस्तू असती तर तीही शालीबरोबर घडी घालून दिली असती.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा खाली मी, आशिष आणि तात्या होतो. तात्यांना कारण समजत नव्हतं. "आमच्या देवळातला गुरव बी झोपंची गोळी खातोय की," ते म्हणाले. "देवाला चालतंय, मग ह्यास्नी का चालंना?"

पाळकसाहेब माझ्याकडे आले. "बाई, त्या दिवशी तुम्ही ओरडलात ते बरं केलंत."

काही बोलावं असं मनात आलं नाही, किंवा फार आलं. त्यांची मान हळूहळू डावीकडे कलली, डोळे अर्धे मिटले. मी गप्प होते आणि हा माणूस ऐकत उभा होता. मला रडू आलं. यांच्यासमोर ते यावं याचा रागही आला. आशिषनं तो त्रिकोण मागून घेतला होता, तो घेऊन आम्ही घरी आलो.

नवे पाळक सरळ मानेचे आहेत. उपदेश मुद्देसूद देतात, वेळेत संपवतात, कुणाला काही विचारत नाहीत. मंडळी खूश आहे. परवाच्या रविवारी त्यांनी प्रार्थनेचे विषय मागितले. कुणाचे गुडघे, कुणाचा व्हिसा, कुणाच्या पोराची ॲडमिशन. आशिष मागच्या रांगेत होता. आता तो कामाला जातो, प्रेसवर नाही, स्टोअरमध्ये. ते झाल्यावर मार्थाकाकू उभी राहिली. पदर डोक्यावर होता, हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

"मला झोप लागत नाही," ती म्हणाली. "जीव नकोसा होतो. मी गोळी घेते, तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि नाव घेऊन करा."

नव्या पाळकांनी सॅमसनकाकांकडे पाहिलं. काका गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधू लागले. कुणी पुढे होईना, काकू तशीच उभी. तेव्हा मागून आशिषचा आवाज आला. तो मंडळीत कधीही मोठ्यानं प्रार्थना करत नाही.

"प्रभू," तो म्हणाला, "मार्थाकाकू."

पुढे त्याला काही सुचलं नाही. मी थोडी वाट पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आमेन म्हटलं.