सोबत्याचं भाडं

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. चारकोपहून मुलुंडच्या हॉस्पिटलात तपासणीला जायचं भाडं त्यांना परत मिळतं. सोबत्याचंही मिळतं, पण त्यासाठी ‘रुग्ण एकटा प्रवास करू शकत नाही’ असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. वडील ते लिहू देत नसत.

“चेडू माझ्यावांगडा फिराक येता,” ते माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरांना सांगत.

बाहेर आल्यावर मी चिडायची. “बाबा, रजा टाकून येते मी. फिरायला?”

“मगे येव नको. माका कोण होयो?”

सव्वीस जानेवारीला सोसायटीने त्यांना शाल आणि नारळ दिला. सेक्रेटरी त्यांच्या शौर्यावर बराच वेळ बोलले. त्यांना खुर्ची द्यावी, असं मात्र कोणाला सुचलं नाही आणि बाबा भाषण संपेपर्यंत सावधान उभे राहिले. रात्री त्यांचे पाय सुजले.

पुढच्या तपासणीला रिक्षातून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, तो डॉक्टरांसमोरच्या खुर्चीपर्यंत सोडला नाही.

“एकटे येऊ शकता ना, सुभेदारसाहेब?” डॉक्टरांनी नेहमीसारखं हसून विचारलं.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “लिवा, डॉक्टरांनू. एकट्यान जमना नाय.”

डॉक्टरांनी लिहिलं. क्लेमच्या खिडकीवरचा कारकून कधी सही पुसट म्हणून, कधी शिक्का तिरका म्हणून आमचे कागद परत करायचा. या वेळी त्याने ते वाचले आणि सरळ ठेवून घेतले. तरी मी खिडकीपाशी रेंगाळले. त्याने काहीतरी चूक काढावी, असं मला वाटत होतं.