फॉरमॅट मारणारा जितेश

नालासोपाऱ्याच्या जितेशला लोकांच्या कॉम्प्युटरची किळस यायची, आणि पोट मात्र त्यांच्यावरच! कॅबिनेट उघडलं की झुरळांची अंडी, मच्छर अगरबत्तीची काजळी, दसऱ्याचं हळदकुंकू. एकदा तर पंख्यात चिरडून वाळलेली पाल. तेव्हापासून त्यानं स्क्रू खोलणंच सोडलं. दुखणं काहीही असो, नाकाला रुमाल लावायचा, विंडोजची सीडी सारायची, आतलं सगळं पुसायचं आणि नव्यानं भरायचं. "फॉरमॅट मारावा लागेल," एवढ्या एका वाक्यावर हा गडी वसई-विरारभर इंजिनिअर म्हणून मिरवत होता. थू असल्या इंजिनिअरकीवर!

दोन हजार एक साली जूचंद्रच्या रोशनीनं त्याला बोलावलं. तिची आई जिजा नावाजलेली ढवळारीण. गावात लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवाचून, म्हणजे ढवळ्यांवाचून, व्हायचे नाहीत. अर्धांगवायूनं तिची वाचा गेली. त्याआधी रोशनीनं आईला म्हणायला लावून एकेक ढवळा टाइप करून ठेवला होता. आता कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर 'डिस्क बरोबर नाही' अशी इंग्रजी ओळ, की पुढे ठप्प.

"दादा, आयचे समदे ढवले त्यातच हायेत. तवरं वाचवा."

कॅबिनेटवरची माश्यांची घाण पाहूनच जितेशनं नाकाला रुमाल लावला. वाकून बघायचंही त्यानं टाळलं. "हार्ड डिस्क सडलीय. फॉरमॅटशिवाय इलाज नाही," तो म्हणाला. रोशनी रडली, पण इंजिनिअरच सांगतोय म्हटल्यावर तिनं मान डोलावली.

त्यानं सगळं पुसलं, विंडोज भरली, सीडी काढून मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर तीच ओळ! मग कुठे तो वाकला. खाली फ्लॉपी अडकली होती. ढवळ्यांची नक्कल काढून ठेवावी म्हणून रोशनीनं आदल्या दिवशी घातलेली, पण अजून कोरीच. सीडी नसली की मशीन हार्ड डिस्कच्या आधी फ्लॉपी वाचायला जात होतं आणि तिथेच अडत होतं. त्यानं ती काढली आणि कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला. हार्ड डिस्कला काहीही झालं नव्हतं.

"ही कोणी घातली?" जितेशनं उलट तिलाच दरडावलं. "हिच्यातूनच व्हायरस आला."

रोशनीला ते खरं वाटलं. आईच्या खाटेला टेकून ती हुंदके देत म्हणाली, "आये, मीच घालवले गो तुजे ढवले."

जिजा चालत्या हातानं लेकीचं डोकं कुरवाळत राहिली. जितेशला स्वतःचीच शिसारी आली. तरी बॅग उचलताना त्यानं तिला बजावलं, "यापुढे फ्लॉपीला हात लावू नका."