पटावरचं एक नाव

शाळेच्या शिपायाला सगळं गाव मामा म्हणतं. माझे तर ते सख्खेच मामा, त्यामुळे पंचाईत माझी. फाटकाच्या आत ते मला ‘अहो बाई’ करतात आणि बाहेर पडलो की ‘छत्री विसरलीस ना पुन्हा’ म्हणून झापतात. अकरा वर्षं मी इथे शिकवते आहे, त्यातली शेवटची तीन एकटीच, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीसकट. थकले आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

गावात एके काळी चार सरकारी शाळा होत्या. एक नंबर बाजारातली, दोन नंबर पाण्याच्या टाकीजवळची म्हणजे आमची, तीन नंबर गिरणीची आणि चार नंबर नदीपलीकडची. मुलं कमी झाली की शाळा बंद, हा नियम जुनाच. त्यावर गावाने तोड काढली होती. तपासणीच्या दिवशी शाळा एकमेकींना मुलं उसनी द्यायच्या. सकाळी आमच्याकडे मोजलेली मुलं दुपारी तीन नंबरमध्ये शहाण्यासारखी बसलेली असत. ही वरात मामाच हाकायचे. मग गिरणी बंद पडली. आधी तीन नंबर गेली, मग चार, मग एक. दर वेळी तिथली बाकं आणि नकाशे मामांनी हातगाडीवर घालून आमच्याकडे आणले. आता उसनी मुलं मागायला दुसरी शाळाच उरली नाही.

या वर्षी वीस मुलं हवी होती. होती एकोणीस. शनिवारी अधिकारी बाई मोजायला येणार होत्या. मी घरोघरी फिरले. लोकांनी अगत्याने बसवलं, पाणी दिलं आणि मूल मात्र दुसऱ्या गावच्या शाळेच्या बसमध्ये बसवलं. शेवटी मी हात टेकले. मामा मात्र, “होतील वीस,” एवढंच म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. शाळा बंद झाली तर बदली माझी होणार होती. ते काय, उन्हाळ्यात निवृत्तच होणार.

शनिवारी अधिकारी बाईंनी एकेक डोकं मोजलं. एकोणीसच भरली. त्या पेन उघडणार तेवढ्यात मामांनी कपाटातून बावन्न वर्षांपूर्वीचं प्रवेशाचं रजिस्टर काढलं, बाहीने पुसलं आणि टेबलावर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं.

“विसावा आहे, बाईसाहेब. याचं नाव अजून कमी केलेलं नाही.”

नाव मामांचंच होतं. माझे आजोबा याच शाळेचे शिपाई. ते गेले तेव्हा मामा सातवीत होते. जागा आजीला मिळाली, पण दम्यामुळे तिच्याच्याने झाडलोट होईना. मग मामा वर्गातून उठून झाडू मारायचे, घंटा द्यायचे, पाणी भरायचे. गुरुजी हजेरी घेताना खिडकीतून बघायचे. पोरगं अंगणात दिसतंय म्हणजे हजर. असं आठ दिवस चाललं, महिना चाललं, परीक्षाही येऊन गेली. आजीनंतर नोकरी त्यांनाच मिळाली. रोज सगळ्यांच्या आधी येणाऱ्याने शाळा सोडली आहे, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ‘शाळा सोडल्याची तारीख’ आणि ‘कारण’ हे दोन्ही रकाने कोरे राहिले. अकरा वर्षं ते रजिस्टर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं आणि मी ते एकदाही उघडलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

अधिकारी बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे धरता येणार नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि शेरा लिहिला. शाळा बंद. रजिस्टरं जमा करण्याआधी प्रत्येक कोरा रकाना भरून सही करायची, असंही मला बजावलं.

मुलं घरी गेली. मी पेन घेऊन बसले. आजची तारीख घातली, पण पुढे हात चालेना. वडील वारले, असं लिहू? परिस्थिती, असं लिहू? मामा किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. एका दिवसात म्हातारे दिसायला लागले होते.

“मामा, कारण काय लिहू?”

“खरं आहे तेच लिहा, बाई. शाळा बंद झाली.”

मी तेच लिहिलं आणि खाली सही केली.