सामुरायचा पहिला आखाड

एखादं काम करायला बसलं की काम राहतं बाजूला आणि किस्सेच जमत जातात. आमचं तसंच झालं. अकोल्याच्या जठारपेठेत आसिफचं फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत बसून आम्ही तिघांनी चक्क एक मांगा केला! मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. चित्रं गजूची, गोष्ट माझी, अक्षरं आणि छपाई आसिफची. नायक सोहेई, जुन्या जपानातला तरुण सामुराय, नुकतंच लग्न झालेला. बायकोचं नाव ओनात्सू. जपान आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. पण नुकतंच लग्न झालेला माणूस मात्र आमच्याकडे होता. खुद्द गजू!

गजू दिवसभर आसिफकडे बॅनरची डिझाइन्स करायचा. त्याच्या सासऱ्यांची वरूडला संत्र्याची बाग आणि पॅकिंगचं शेड. जावई चित्रं काढतो, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "जवाईबापू, पुस्तक होऊ द्या. मी स्वतः वाचीन. पटलं तं ठीक. नाई तं हे चित्रंगित्रं ठेवा बाजूले आन या वरूडले, पॅकिंग सांभाळा."

गजूने तिथल्या तिथे शब्द दिला. घाम आम्हाला फुटला!

*

गजूची बायको वैशाली म्हणजे आमची ओनात्सू. एका संध्याकाळी गजूच्या गच्चीवर लढाईला निघायचा सीन घेतला. वैशालीने ओढणी कमरेला करकचून बांधलेली, हातात ताट. समोर गजू, हातात फ्लेक्सच्या फ्रेमची लांब लाकडी पट्टी, दोन्ही हातांनी डोक्यावर उगारलेली! मी मोबाइलवर फोटो काढतोय.

शेजारच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "अरे पोट्ट्या, आताच तं लगन झालं ना तुयं! लाज नाई वाटत? आन तू बे, फोटो काय काढून राहिला?"

वैशाली जागची हलली नाही. मान तशीच वाकवलेली ठेवून म्हणाली, "काकू, मारून नाई राहिले. पोज देऊन राहिले!"

काकूंना ते पटलं की नाही देव जाणे. पण खाली उतरल्यावर त्यांनी गजूला एकट्याला गाठून बराच वेळ समजावलं.

*

आसिफचा हात म्हणजे बॅनरवर बसलेला हात. वाढदिवस, नियुक्ती, आगमन, सगळं तो झोपेतही करेल. मुखपृष्ठ त्याच्याकडे दिलं आणि आम्ही चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर मधोमध सोहेई, पाठीमागे डोंगर, बर्फ, सगळं फर्स्ट क्लास. आणि खाली गोल गोल चौकटींत आमच्याच कथेतले सगळे सामुराय ओळीने लावलेले! वर ठळक अक्षरात 'शुभेच्छुक'!

गजू भडकला. "अबे, सामुरायचा मित्रपरिवार कुठून आला?"

आसिफ गोंधळला खरा, पण माघार घेईल तर तो आसिफ कसला! "देख भाई, खाली चार चेहरे नसले तं याले सरदार कोन म्हनीन?"

त्या चौकटी काढायला लावल्या तेव्हा त्याने अशी काही हळहळ व्यक्त केली, जणू सोहेईची सीटच गेली.

*

गोष्टीची भाषा मी आधी अगदी शुद्ध ठेवली होती. सोहेई गर्जायचा, "तलवार उपसा आणि युद्धास सिद्ध व्हा!" आसिफने ते मोठ्याने वाचलं. खोलीत कोणाचा केसही हलला नाही. बातम्या लागल्यासारखं वाटलं.

मग गजूनेच पेन घेतलं आणि सोहेईच्या तोंडापाशी काढलेल्या संवादाच्या फुग्यात लिहिलं, "काहून बे, लय हवा करून राहिला? काढ तलवार!"

आईशप्पथ सांगतो, अंगावर काटा आला! आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. त्या दिवशी सोहेई जिवंत झाला. सगळी पानं पुन्हा लिहून काढावी लागली, पण काय मजा आली म्हणता!

ओनात्सूचे संवाद वैशालीने दुरुस्त केले. मी तिला निरोपाच्या वेळी मुकी ठेवली होती, नुसती वाकून नमस्कार करणारी. वैशाली म्हणाली, "भाऊजी, नवरा मरायले चालला आन हे काईच बोलत नाई? मी असती तं पहिले पुसलं असतं, जेवला का? मंग म्हटलं असतं, आता जाऊन दाखवा!" तेच शब्द जसेच्या तसे घेतले.

*

आणि ऐन रंगात आखाड लागला! नव्या नवरीचा पहिला आखाड माहेरी. वैशाली वरूडला गेली. तिच्या माहेरी तर जावयाने त्या महिन्यात उंबरा ओलांडायचा नाही, असं कडक.

आता ओनात्सू कोणाला पाहून काढायची? गजूला तिच्याशिवाय नाकसुद्धा जमेना. मी गोष्टीतच वळण दिलं. ओनात्सूही माहेरी गेली! सोहेई एकटाच भात करपवतोय, किमोनोला शिवण घालताना बोटात सुई टोचून घेतोय.

आसिफने विचारलं, "जपानात आखाड असते?"

मी म्हटलं, "नवीन लग्न असते ना? मंग आखाड बी असते!"

तरी गजूला चैन पडेना. एका सकाळी एसटीने वरूड गाठलं. उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून समोरच्या दुकानाच्या पायरीवर वही उघडून बसला. वैशाली दारात उभी, कधी अशी मान, कधी तशी. रस्त्यावरून संत्र्याच्या रोपांचे ट्रॅक्टर जातायत, एखादा मधे आला की दोघं थांबायचे, गेला की पुन्हा सुरू! सासरे शेडवरून आले, दोघांकडे पाहिलं आणि जावयासाठी तिथेच पायरीवर ताट पाठवून दिलं. गजू म्हणतो, आयुष्यात इतकी चांगली चित्रं त्याच्या हातून कधी निघाली नाहीत.

*

शेवटी पुस्तक छापून आलं! अस्सल मांगासारखंच बांधलेलं, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचं. पहिल्या पानावर लग्न, मग विरह, मग लढाई, आणि शेवटच्या पानावर सोहेई रक्तबंबाळ, ओनात्सूच्या मांडीवर डोकं. आम्ही सगळे वरूडला गेलो. सासरे शेडमध्ये क्रेटवर बसले, चष्मा लावला, पुस्तक हातात घेतलं आणि आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसं डावीकडून उघडलं!

मी सांगायला तोंड उघडलं. वैशालीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

ते एकेक पान निरखून वाचत होते. गजू घामाने भिजला होता. वरूडची नोकरी त्याला समोर दिसत होती. सगळं वाचून झाल्यावर सासऱ्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले.

"जवाईबापू, पहिल्याच पानावर मानूस मरायले टेकला ना, मले वाटलं हे काई खरं नाई. पन पोट्टं उठलं! अंगावरची एकेक जखम भरली, तलवार ठेवली, एकट्यानं भात रांधून खाल्ला, माहेरी गेलेली बायको घरी आली, आन शेवटी लगन लागलं! वा! पॅकिंगले कोनी बी भेटते. तुमी हेच करा."

गजू खाली वाकून त्यांच्या पाया पडला. वैशाली रडत होती की हसत होती, सांगता येणार नाही.

तेवढ्यात माल बघायला आलेल्या एका व्यापाऱ्याने ते पुस्तक उचललं आणि मुखपृष्ठावरचं चित्र पाहून बरोबर उजव्या बाजूने उघडलं. सासरे ताडकन उठले. त्याच्या हातातून पुस्तक घेतलं, उलटवलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"अवो, इकडून वाचा, इकडून! तिकडून वाचसान तं लगन पहिलेच लागून जाईन. मंग पुढं काय मजा?"