एफ ५१८ या आकड्यावरून ताब्यात घेतलेला एक निरपराध रंगारी

फिर्यादी : शिवडीच्या एका रंगगोदामाचा कारकून. संशयित : परळच्या मिलमधील बदली रंगारी, वय तिशीच्या आत, राहणार लालबाग. साक्षीदार : संशयिताची आत्या, मसाला कांडणारी. मुद्देमाल : लाल रंगाचा डबा, नग एक. वार : गणपतीआधीचा बुधवार. तपासी अंमलदार : प्रस्तुत लेखक. माणसे हयात असल्याने नावे हेतुपुरस्सर वगळली आहेत.

मी पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालो आणि आता कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो. नोकरीतील बहुतेक प्रकरणे विसरलो. हे एक मात्र माझ्या मनात अद्याप दप्तरदाखल झालेले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. निम्मी चौकी मोर्चाच्या बंदोबस्तावर असे आणि सकाळी गिरणगावच्या भिंतींवर नवी लाल घोषणा उमटलेली असे. अशात गोदामातून लाल रंगाचे बारा डबे नाहीसे झाल्याची फिर्याद आली. डब्यांच्या लेबलावरील आकडा फिर्यादीत ठळक नमूद होता : एफ ५१८. घोषणांचा रंग कोठून येतो ते सापडले, असे वरिष्ठांना वाटले व तपास माझ्याकडे सोपवला गेला.

दुपारी नाक्यावरच्या पानवाल्याने खबर दिली की, अमुक चाळीतील रंगाऱ्याकडे लाल रंग आहे. मी गेलो तेव्हा तो गणपतीचा पाट रंगवीत होता. शेजारच्या डब्यावर लेबल होते व लेबलावर एफ ५१८. शिवाय आदल्याच दिवशी तो मिलची हातगाडी घेऊन त्या गोदामात रंग आणायला गेला होता. मी त्याला ओल्या ब्रशासह चौकीवर आणले.

येथे माझी चूक कबूल करतो. पोलिसाच्या बिल्ल्याचा आकडा साऱ्या खात्यात एकाचाच असतो. डब्याचेही तसेच असणार, असे मी धरून चाललो. मग बारा डब्यांना आकडा एकच कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही.

"भिंतीवरची घोषणा तूच लिहिलीस ना?" मी दरडावले.

"साहेब, अक्षर बघा हो त्या घोषणेचं! मी गिरणीचे बोर्ड लिहितो. एवढा वाकडा 'झ' माझ्या हातून निघाला तर मुकादम मला झाडू मारायला लावील."

"आणि हा डबा?"

"उरलेला रंग. मुकादमानंच दिला, पाटासाठी. साहेब, एक विनंती. वहीत नाव चढवू नका. शनिवारी कायम कामगारांची यादी लागणार आहे. सात वर्षं बदलीवर काढली मी."

मी त्याचे ऐकले नाही. संशयितांच्या वहीत नाव चढवले, खाली सही केली.

तासाभराने चौकीपुढे गलका झाला. त्याची आत्या, केसांत मिरचीची पूड, चाळीतल्या आठदहा बायकांना घेऊन आली होती. प्रत्येकीच्या हातात रंगाचा जुना डबा. एकात तांदूळ, एकात मीठ, एकात गोवऱ्या. आत्याने तुळस लावलेला डबा माझ्या टेबलावर आपटला.

"काय ओ जमादारांनू, ह्यो डबो माझ्या तुळशीचो. ह्येच्यावर पण तोच आकडो असा. घाला हिका आत!"

"आणि माझ्या तांदळाला पण बेड्या घाला," दुसरी म्हणाली, "फक्त संध्याकाळी जेवणाच्या वेळेला सोडा म्हणजे झालं!"

चौकीतले शिपाईसुद्धा हसू लागले. मी एकेक लेबल वाचले. फाटलेली सोडली तर सगळीकडे एफ ५१८.

मी रंगाऱ्याला खुर्ची दिली आणि विचारले, "हे काय आहे?"

"साहेब, पहिलं अक्षर रंगाची जात. एफ म्हणजे शेवटचा, वरचा हात. यू म्हणजे त्याच्याखालचा, अस्तराचा. ५१८ ही छटा. असा डबा सगळ्या मुंबईत मिळतो. खाली शाईचा शिक्का असतो तो घाण्याचा. भज्यांचा कसा एक घाणा निघतो, तसा रंगाचा. एका घाण्यातल्या सगळ्या डब्यांना तोच शिक्का."

एफचे डबे यूच्या राशीत तर गेले नसतील, अशी शंका येऊन मी ताबडतोब त्याला घेऊन शिवडीचे गोदाम गाठले. कारकून डब्यांची रास कशी लावतो ते आधी विचारले. तो अभिमानाने म्हणाला, "लेबल कोण वाचत बसतो? झाकणावर रंगाचा ठिपका असतो, तो बघून लावतो."

रंगारी माझ्याकडे पाहून गालात हसला. यू ५१८ च्या राशीपुढे आम्ही उभे राहिलो. झाकणावरचे ठिपके सारखेच लाल. मी मोठ्याने वाचू लागलो, "यू, यू, यू..." तिसऱ्या रांगेत माझा आवाज चढला, "एफ!" रंगारी मोजू लागला. बारावा डबा निघाला तेव्हा कारकून खोक्यावर बसला होता आणि आम्ही दोघे, पोलीस व संशयित, एकमेकांच्या पाठीवर थापा मारीत होतो. चोरी झालीच नव्हती.

शनिवारी त्याचे नाव यादीत लागले. चाळीत पेढे वाटले गेले, मला पहिला पेढा आत्याने स्वतः भरवला, आणि दुसरा भरवताना म्हणाली, "ह्यो तुळशीकडसून." तो पाट सुकला होता, गणपती त्यावरच बसला.

या प्रकरणाने मला शिकवले की, पुरावा हाती आला की पोलिसाने आधी विचारावे, असा पुरावा आणखी किती घरांत आहे? आणि वस्तूबद्दल काही जाणून घ्यायचे असेल तर ती रोज हाताळणाऱ्याला विचारावे, मग तो कोठडीत का बसलेला असेना.

आता विनंती. फिर्याद निकालात निघाली, पण माझ्या हस्ताक्षरातील ती नोंद वहीत तशीच राहिली. त्यामुळे दर गणपतीत नवा शिपाई त्या कायम कामगाराच्या दारी चौकशीला जातो, असे कळते. तरी संबंधित चौकीच्या अंमलदारांस सविनय विनंती की, त्या नावापुढे 'निर्दोष' असा शेरा न मारता नावच काढून टाकावे. कारण तेथे दोष होता तो लिहिणाऱ्याचा. काढल्याचे लेखी उत्तर मिळावे. माझ्याकडे नव्हे, त्याच्या आत्याकडे पाठवावे. ती ते चाळीत वाचून घेणार आहे, मोठ्याने.