कोऱ्या कॉम्प्युटरची अट

लिफ्टमध्ये शिरल्यावर छोट्या पडद्यावर मजल्याचा आकडा दिसतो, त्या पडद्यामागच्या डबीत लिनक्स नावाची, डबी चालवणारी प्रणाली असते. ते लिनक्स गेली अकरा वर्षं एकट्या काकांच्या कॉम्प्युटरवर तयार होत होतं. काका म्हणजे त्या डब्या बनवणाऱ्या कारखान्यातले सर्वांत जुने इंजिनिअर. माणूस हुशार, पण सगळा कारभार डोक्यात. कागदावर काही म्हणून उतरवायचे नाहीत. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले, तर दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून फोन आला आणि नातवाचं तोंड धड पाहायच्या आत परत फिरावं लागलं. आता तिचं दुसरं बाळंतपण पंधरा दिवसांवर आलं होतं. बायकोने स्पष्टच सांगितलं, "या खेपेला महिनाभर राहणार असाल तरच चला. अर्ध्यातून पळायचं असेल तर मी एकटी जाते."

रजा द्यायला मालकांनी अट घातली. काकांनी सगळी कृती लिहून काढायची. मग एका कोऱ्या कॉम्प्युटरवर, ती कृती वाचत, स्टोअरच्या बाईंनी डबीचं लिनक्स तयार करून दाखवायचं. काकांनी शेजारी तोंड मिटून बसायचं.

"बाई? अहो, त्या स्क्रू मोजतात!" काका म्हणाले.

"म्हणूनच," मालक म्हणाले. "त्या लिहिलंय तेवढंच करतात."

काकांनी दोन दिवसांत चौदा पानं खरडली. सोमवारी बाई चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. पहिलं पान सुरळीत पार पडलं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'मग नेहमीच्या लायब्रऱ्या टाकाव्यात.'

"नेहमीच्या म्हणजे कुणाच्या नेहमीच्या?" बाईंनी विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. काचेपलीकडून मालकांनी बोट दाखवलं. काकांनी तोंड मिटलं. बाईंनी हाताची घडी घातली, आणि परीक्षा दहा मिनिटांत आटोपली.

नेहमीच्या लायब्रऱ्या, म्हणजे कामाला लागणारे आयत्या प्रोग्रॅमचे गठ्ठे, मोजल्या तर एकोणतीस निघाल्या. त्यातल्या चार कशाला लागतात हे काकांनाही सांगता येईना, पण काढल्या की काम ठप्प. काकांनी मुकाट्याने सगळ्यांची नावं लिहिली.

बुधवारी पुन्हा पुसलेल्या कॉम्प्युटरवर गाडी तासभर पळाली आणि तिने मान टाकली. पडद्यावर तक्रार आली, की काकांच्या नावाचं फोल्डर सापडत नाही. लिफ्टच्या डबीसाठी वेगळा कम्पायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम डबीला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, लागतो. तो काकांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, आणि त्याचा पत्ता फाइलींमध्ये जिथेतिथे तसाच ठोकून दिला होता. काकांनी यावर शक्कल लढवली. पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: 'कॉम्प्युटरवर खातं उघडताना नाव काका असं द्यावं.'

बाईंनी ती मोठ्याने वाचली. "म्हणजे लिफ्ट वर जायची तर आधी मी काका व्हायचं?"

सगळा कारखाना खो खो हसला. मालक तेवढे हसले नाहीत. काकांनी लाल चेहऱ्याने त्रेचाळीस ठिकाणांहून आपलं नाव वेचून काढलं. प्रत्येक वेळी त्यांना थोडं वाईट वाटत होतं, पण सांगणार कुणाला?

शनिवारी कॉम्प्युटर तिसऱ्यांदा पुसला गेला. बाई ओळीखाली बोट ठेवून वाचत गेल्या. लायब्रऱ्या आल्या, कम्पायलर बसला, आणि चार तासांचं काम सुरू झालं. तेवढ्या वेळात बाईंनी तीन खोके स्क्रू मोजले आणि काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. दुपारी सगळं तयार झालं. बाईंनी ते मेमरी कार्डावर उतरवलं, कार्ड डबीत सरकवलं, बटण दाबलं. पडदा काळाच. काका अर्धे उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. "'दोन मिनिटं थांबावं' असं तुम्हीच लिहिलंय."

दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत पडद्यावर शून्य उजळलं.

"नशिबाने झालं असेल हो," काका म्हणाले. "पुन्हा एकदा पुसून बघू या का?"

"कशाला? छान लिहिलंय तुम्ही. मला जमलं म्हणजे आता कुणालाही जमेल."

बाईंनी हे मनापासून, कौतुकानेच म्हटलं होतं. काकांना ते झोंबलं. 'माझ्यावाचून इथलं पान हलत नाही' म्हणून ते रोज कुरकुरायचे, आणि ती कुरकुर आपल्याला किती प्रिय होती, हे त्यांना आत्ता कळलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "मिळाली रजा. अख्खा महिना."

"आणि दुसऱ्या दिवशी फोन आला म्हणजे?"

"नाही येणार," काका म्हणाले.

"अहो, मग डोळे कशाला पुसताय?"

"आनंदाने गं," काका म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.